वासोट्याला जाऊन गड न चढलेल्या बाईचं पत्र

संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘एका दिवसात वासोटा’ हा कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याविषयीचा मजकूर आला होता. साताऱ्यातून किती वाजता निघावं, बामणोलीत बोट कुठे मिळते, गड चढायला किती वेळ लागतो, माथ्यावरून बाबूकडा कसा दिसतो, सगळं नीट दिलं होतं. तो वाचूनच माझ्या भाच्यानं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेत आखला आणि मलाही बरोबर घेतलं. मी ६७ वर्षांची आहे. ३५ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यात उजवा गुडघा गेला. गड चढणं आपल्याला जमणार नाही, हे घरातून निघतानाच मला ठाऊक होतं. तरी गेले, कारण शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्याखाली माझ्या आईचं माहेर आहे.

जे सांगायचं आहे ते आधीच सांगते. वासोट्याला जाणारी बहुतेक माणसं जंगलातून घाईनं वर जातात, घाईनं खाली येतात आणि जंगल न पाहता घरी परततात. यात त्यांचा दोष थोडा आहे. तिथे जायचं ते गडाच्या माथ्यासाठीच, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय, दोष त्या ठरवण्याचा आहे. गडाच्या पायथ्याचं जंगल हेच पाहायचं ठिकाण आहे, असं लोकांना कुणीतरी सांगायला हवं. तिथे गड न चढणाऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी, दम लागणाऱ्यांसाठी, ओढ्यापर्यंतची एक रीतसर भेट सुरू व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

बामणोलीहून आमची बोट सुटली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचं पाणी इथे एकत्र येतं आणि पुढे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरत जातो. पाण्यातून मेलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले, आणि एकेका बुंध्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले. तासाभरानं दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले, शेतं संपली आणि काठापर्यंत उतरलेली झाडी सुरू झाली. तेवढ्यात मागून दुसरी एक बोट आली. तिच्यावर मोठा स्पीकर लावलेला होता आणि दहा-बारा मुलं नाचत होती. ती बोट जशी पुढे गेली तसे त्या किनाऱ्यावरचे पाणकावळे एकामागून एक उडाले. आमच्या बोटवाल्यानं काही न बोलता इंजिन बंद केलं आणि ती लांब जाईपर्यंत आम्ही नुसते तरंगत राहिलो. त्या दोन मिनिटांत काठावरच्या झाडीतून इतके आवाज आले की बोटीतली सगळी माणसं आपसूक गप्प झाली. त्या बोटवाल्याची मी ऋणी आहे.

बोट लागते त्या जागेला मेट इंदवली म्हणतात. तिथे एके काळी गाव होतं. आता वन खात्याची चौकी आहे. आमच्या पिशव्या तपासल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टनं मोजून घेतली, परत येताना तितकीच दाखवायची. हे काम चौकीवरची माणसं मनापासून करत होती, ते आवर्जून लिहिते. तिथून पायवाट सपाटीनं जंगलात शिरते आणि थोड्याच वेळात ओढा लागतो. ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. खरा चढ त्याच्या पुढे. मी तिथेच थांबायचं ठरवलं. आमच्याबरोबर जवळच्याच एका गावातला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा वाटाड्या म्हणून होता. बाकीच्यांसाठी त्याचा चुलतभाऊ वर गेला आणि हा माझ्यापाशी राहिला. “आजी, हितं बसा, ह्या दगडाव. आन् आता लई बोलायचं न्हाई,” म्हणाला.

पहिला अर्धा तास काही दिसलं नाही. एकामागून एक गट येत होते, ओढ्यात पाय बुडवून फोटो काढत होते आणि वर जात होते. मग शेवटचा गट गेला. दवाखान्यात भेटीची वेळ संपल्यावर वॉर्ड कसा असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नातेवाईक जातात, दारं लागतात, आणि मग थोड्या वेळानं रुग्ण आपल्या मूळ स्थितीत येतात. कुणी कूस बदलतं, कुणी कण्हतं, कुणी शेजारच्या खाटेवरच्याशी बोलायला लागतं. तसंच झालं. आधी पाण्यात हालचाल दिसली. दगडाच्या कपारीतून खेकडा बाहेर आला. मग ओल्या मातीवर ब्लू मॉरमॉन येऊन बसला. हे आपलं राज्य फुलपाखरू, तळहाताएवढं, काळ्या पंखांवर निळा शिडकावा. मातीतला क्षार शोषून घ्यायला ती अशी ओलीवर बसतात, हे मला त्या मुलानं सांगितलं.

मग शीळ आली. एकच, लांब, टोकदार. वाटाड्यानं बोटानं दाखवलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला सावलीतल्या दगडावर एक काळसर पक्षी शेपटी पसरत-मिटत उड्या मारत होता. एकदा उन्हाचा कवडसा अंगावर पडला तेव्हा खांद्यावरचा निळा रंग चमकला. शीळकरी कस्तूर. तो खरा गातो पावसाळ्यात, पहाटे अजून अंधार असताना. एखादा मुलगा आपल्याच नादात शीळ घालत रानातून चाललाय असं वाटतं. माझी आई सांगायची की त्यांच्या घरामागच्या ओढ्यावर पहाटे एक पाखरू शीळ घालायचं आणि तिची आजी ते ऐकून जात्यावर बसायची. आईला त्या पाखराचं नाव माहीत नव्हतं. मी तिच्या माहेराचं घर पाहिलेलं नाही, ओढा पाहिलेला नाही, धरणात पाणी अडलं तेव्हा मी अगदी लहान होते. पण ते पाखरू मी पाहिलं.

ओढ्यावर एक प्रचंड गारंबीची वेल होती. खोडच माणसाच्या मांडीएवढं, पिळे घालत या झाडावरून त्या झाडावर गेलेलं. गारंबीची शेंग हाताएवढी लांब असते आणि तिच्यात चपट्या, गुळगुळीत, तपकिरी बिया असतात. आईच्या पत्र्याच्या पेटीत अशी एक बी होती. लहानपणी खेळायची, तेवढीच गावाहून तिनं आणली होती. माझ्या पायाशी, पाण्यानं आणून टाकलेल्या पाचोळ्यात तशीच बी मला सापडली. हातात घेतली, अंगठ्यानं चोळली. वाटाडा माझ्याकडे पाहत होता. अभयारण्यातून काही न्यायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून परत पाचोळ्यात ठेवली. त्यानं विचारलं, “रडताय व्हय आजी?” मी म्हटलं, हो.

त्यानंतर तो जरा मोकळेपणानं बोलायला लागला. त्याच्या पणजोबांचं गाव धरणात गेलं. ते वर डोंगराकडे सरकले. मग १९८५ साली कोयना अभयारण्य झालं आणि २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यांच्या नात्यातल्या काही घरांना दुसऱ्यांदा उठावं लागलं. माझे मामा पहिल्याच वेळी रायगड जिल्ह्यात गेले ते तिकडचेच झाले. धरणाचं काम १९५६ ते १९६४ चाललं. १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, वीज आली, त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हे सगळं खरं आणि मोठं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आम्ही मेढ्यात होतो. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि आई कोयनेच्या दिशेला तोंड करून उभी होती. त्या खोऱ्यातल्या माणसांनी काय काय दिलं ते बोटीतून जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. ते सांगणारी माणसं तिथेच आहेत. बोट चालवतात, वाट दाखवतात. त्यांना कुणी विचारत नाही.

शेकरू आम्हाला दोन वेळा दिसलं. पहिल्यांदा आवाजच आला, खडखडाट केल्यासारखा. मग जांभळाच्या उंच फांदीवर तांबूस-तपकिरी पाठ, फिकं पोट आणि ती झुपकेदार शेपटी. त्यानं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेतली, मधे सहज पंधरा-वीस फुटांचं अंतर असेल. शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे शाळेतली मुलं पाठ करतात. पण ते सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याला झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले हवेत, म्हणजे फांद्याफांद्यांवरून जाता येतं. वाटाड्यानं वर बोट करून एकेक घरटं दाखवलं, काटक्यापानांचे मोठे गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. जिथे गटातल्या मुलांनी मूळ वाट सोडून शॉर्टकट पाडले आहेत, तिथली झाडोऱ्याची खालची फळी आधी मरते, मग माती उघडी पडते, मग मोठं झाडही कधीतरी उन्मळतं. असं एक मोठं झाड गेलं की वर शेकराचा रस्ता तुटतो. हे मला कुठल्या पाटीवर वाचायला मिळालं नाही. त्या तेवीस वर्षांच्या मुलानं सांगितलं.

धनेश मात्र दिसला नाही, ऐकू आला. मलबारी राखी धनेशाचा आवाज म्हाताऱ्या माणसानं मोठ्यानं हसावं तसा असतो, मी दचकले. आणि इथे मला बोटीवरच्या स्पीकरबद्दल पुन्हा लिहावंच लागेल. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत जाते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर उंबराची, जांभळाची फळं आणून तिला भरवतो, पिलं झाली की त्यांनाही तोच आणतो. मी बाळंतपणाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं आहे, म्हणून मला ही गोष्ट फार भिडली. बाळंतीण खोलीत कोंडलेली आहे आणि बाहेरून एकटा माणूस डबा घेऊन येतो. तो गोंगाटाला घाबरून दिवसभर आलाच नाही तर? त्यांचा हा हंगाम साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. आणि वासोट्याला जाण्याचाही हाच हंगाम, कारण पावसाळ्यात वाट बंद असते. स्पीकर कुणाला छळायला लावलेला नसतो. नाचणाऱ्या त्या मुलांना हे ठाऊक असतं तर त्यांनी तो आपणहून बंद केला असता, असं मला मनापासून वाटतं.

वाघ दिसला का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. नाही. डिसेंबर २०२३ मध्ये या व्याघ्र प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला तेव्हा आपण पहिल्या पानावर बातमी केली होती, आम्हा सातारकरांना त्याचा आनंद झाला होता. पण वाघासाठी तिथे जाणं म्हणजे निराश होऊन येणं. हे ताडोबा नव्हे. झाडी दाट, प्राणी लाजाळू, जीप नाही. ओढ्याच्या कडेला आम्हाला गव्याच्या खुरांचे ठसे दिसले, माझ्या पंज्याहून मोठे, त्यात पाणी अजून गढूळ होतं. म्हणजे आम्ही येण्याच्या थोडंच आधी तो तिथून गेला होता. एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे जुने ओरखडे होते. मला ते ठसे पाहून जे वाटलं ते समोर गवा उभा पाहून वाटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या ओढ्यापाशी बसून समजली. या खोऱ्यात वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. जगातल्या पुष्कळ वर्षावनांत बारा महिने थोडा थोडा पाऊस असतो, आपल्याकडे तसं नाही. तरी अंजनी, पिसा, जांभूळ ही झाडं कधी उघडी पडत नाहीत, बारा महिने हिरवी राहतात. कारण जंगलाच्या तळाशी पाचोळा आहे, सावली आहे, माती खोल आणि भुसभुशीत आहे. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि नंतर सलाइनसारखं थेंबाथेंबानं सोडते. डिसेंबरात माझ्या पायांवरून जे पाणी वाहत होतं ते जुलै-ऑगस्टमधल्या पावसाचं होतं. हेच पाणी पुढे शिवसागरात जातं. १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी साठवणारा हा तलाव गाळानं भरू नये असं वाटत असेल तर डोंगरावरचं हे जंगल जागेवर राहायला हवं, हे सांगायला अभियंता लागत नाही.

तीन-साडेतीन तासांनी गट उतरायला लागले. घामाघूम, खूश. माझा भाचाही. त्यानं मला मोबाइल दाखवला. माथ्यावरचे फोटो सुंदर होते, बाबूकडा खरोखर छाती दडपणारा आहे. मी विचारलं, वाटेत काय पाहिलंस? तो म्हणाला, “मावशी, वाटेत काय, झाडंच झाडं.” तो वाईट मुलगा नाही, मला घेऊन गेला ते प्रेमानंच. बोटवाल्यानं परतीची वेळ दिलेली होती, चढायला दोन तास, उतरायला दीड, मग थांबणार कधी? परतीच्या बोटीत मी त्याला सगळं सांगितलं. बामणोली येईपर्यंत तो माझ्याकडे तोंड करून ऐकत होता.

आता माझी विनंती. वासोटा इतिहासात मोठा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला व्याघ्रगड नाव दिलं, पुढे दोन इंग्रज अधिकारी तिथे कैदेत होते आणि १८१८ साली गड इंग्रजांकडे गेला. ज्यांना चढता येतं त्यांनी जरूर चढावं. पण त्याच बोटीतून ‘फक्त खालचं जंगल’ पाहायला जाणाऱ्यांची वेगळी नोंद व्हावी. त्यांच्यासोबत स्थानिक वाटाड्या सक्तीचा असावा, पाच-सहा जणांपेक्षा मोठा गट नसावा, ओढ्यापर्यंतच जावं, दोन तास बसावं, परत यावं. वाटाड्याची फी ठरलेली असावी आणि ती त्याच्याच हातात पडावी. या मुलांना आणि मुलींनाही पक्ष्यांची, झाडांची माहिती देणारं आठ-पंधरा दिवसांचं शिबिर घेतलं तर पुढचं ते स्वतः शिकतील, त्यांना अर्धं जन्मतःच येतं. माझ्या वाटाड्यानं मला दिवसभरात जे दिलं त्याचे त्यानं मागितलेले पैसे द्यायला मला लाज वाटली, म्हणून मी जास्त दिले, तर तो घेईना. पोटासाठी त्याचा एक भाऊ मुंबईला गोदीत आहे, दुसरा पुण्यात हॉटेलात. खोऱ्यात राहून खोरं सांभाळायचं काम मिळालं तर ती घरं उघडी राहतील.

हे आताच का लिहिते, तेही सांगते. याच खोऱ्यातल्या मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं आहे, ‘नवीन महाबळेश्वर’ या नियोजित गिरिस्थानाचा आराखडा चर्चेत आहे. खोऱ्यात माणसं येणार, पैसा येणार, आणि यावाही, इतकी वर्षं त्या लोकांनी रस्त्याची आणि दवाखान्याची वाट पाहिली आहे. दवाखान्याचं तर मला जास्त ठाऊक आहे. रात्री बोटीतून आणलेली अडलेली बाई मी माझ्या हातांनी उतरवून घेतली आहे. पण वेगवान बोटी आणि वाद्यं जिथे असतील तिथे असोत, मेट इंदवलीकडे जाणाऱ्या अंगाला पाण्यावर शांतता राहावी. २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या आपल्या चार जागा जागतिक वारशात गेल्या. तिथे जाणाऱ्याला दोन तास गप्प बसायला सांगणं फार मोठं मागणं नाही. निदान स्पीकर बोटीत चढवायचाच नाही, असं बामणोलीच्या धक्क्यावर बोटवाल्यांनीच ठरवलं तर उद्यापासून होऊ शकतं.

फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे. दोन जुन्या सहकारी परिचारिका बरोबर येतील, एकीला दमा आहे, दुसरीची कंबर धरते. तेव्हा अंजनी निळी-जांभळी फुललेली असते, असं त्या मुलानं सांगितलंय. तोपर्यंत आपल्या पुरवणीत वासोट्याविषयी पुन्हा काही छापणार असाल, तर कृपया एक ओळ त्यात घालावी: गड चढता येत नसेल तरी या, ओढ्यापर्यंतची वाट सपाट आहे, बसायला दगड आहेत, सोबत पाणी आणि जुनं पांघरूण आणा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा